सत्त्याऐंशी हिरव्या चिंध्या

"या डोंगरात मी डोळे बांधूनसुद्धा हरवायची नाही!" असं दालेंदाने गुरुवारी फोनवर मुलाला ठणकावून सांगितलं, आणि फोन ठेवल्या ठेवल्या तिच्या लक्षात आलं की दुकानाची खिडकी सताड उघडी आहे. संध्याकाळपर्यंत ते वाक्य बेकरीपासून दवाखान्यापर्यंत अख्ख्या ऐन द्राहममध्ये फिरून आलं. वाटेत त्याला शेपटंही फुटली. रात्री जेवताना पोस्टमनच्या बायकोने सांगितलं, की दालेंदा म्हणे डोळ्यांवर पट्टी बांधून पळणार आहे! आता माघार घ्यायची सोय उरली नाही.

दालेंदा म्हणजे आमच्या गावातली शिंपीण. वय सत्तावन्न, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, जीभ कात्रीहून धारदार. तिच्या हातचा पोशाख न घालता बोहल्यावर चढलेली नवरी आमच्याकडे शोधून सापडायची नाही. एकुलता एक मुलगा लसाद राजधानीत, तुनिसला, इंजिनिअर. गेल्या हिवाळ्यात बर्फावरून दालेंदाचा पाय घसरला, घोटा भोपळ्याएवढा सुजला, आणि ही गोष्ट लसादला कळली तेव्हा सूज उतरूनही गेली होती. तेव्हापासून दर रविवारी त्याचं एकच तुणतुणं. "आई, तुनिसला चल. खोली तयार आहे. इमारतीला लिफ्ट आहे."

"मला लिफ्टमध्ये बसून कुठे जायचंय?" दालेंदा विचारायची.

वरवर ती असं तोडून बोलायची, पण आतून घाबरलेली होती. लसाद तसा मऊ पोरगा, पण एकदा मनावर घेतलं की ऐकायचा नाही. बापावर गेलेला. आणि त्या गुरुवारी त्याने खरंच मनावर घेतलं. "ठीक आहे आई. या रविवारी तुम्ही चौघी डोंगरात पळणार आहात ना? चौदा किलोमीटर? मी येतो. सकाळी दहाच्या आत तू मैदानावर धडधाकट परत आलीस, तर मी पुन्हा तुनिसचं नाव काढणार नाही. नाही आलीस, तर सामान बांधायचं!"

"मंजूर!" दालेंदा म्हणाली. "आणि वाटही मीच आखणार! कुणाची मदत न घेता!"

हे दुसरं वाक्य तिला कुणीही विचारलेलं नव्हतं.

या चौघींची ओळख करून द्यायला हवी. चार उन्हाळे झाले, जून ते सप्टेंबर दर रविवारी पहाटे या बायका डोंगरात पळायला जातात. औषधांच्या दुकानाची मालकीण वसीला सगळ्यात पुढे. तिच्या मनगटावर एक घड्याळ आहे, ते तिची पावलं, ठोके, चढ, उतार सगळं मोजतं आणि तिला जाता येता रागावतं. तिच्यामागे नजीबा. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेली. ती कमरेच्या पिशवीत बसीसाच्या, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या पिठाचे लाडू बाळगते आणि शक्ती टिकवायची म्हणून निघायच्या आधीच चार खाते. तिसरी शाद्लिया, पोस्टात शिक्के मारते. दिवसाकाठी तीन वाक्यं बोलते, त्यांतली दोन पोस्टातच संपतात. आणि सगळ्यात मागे आपली दालेंदा, गाणी म्हणत.

वाट आखायची म्हणजे झाडांना खुणा बांधायच्या, आणि त्यातच दर वर्षी घोळ व्हायचा. एका वर्षी प्लॅस्टिकच्या फिती बांधल्या, तर जंगल खात्याचा रेझगी अंगावर धावून आला. पुढच्या वर्षी कागदाचे बाण लावले. ते शेळ्यांनी खाल्ले!

"म्हणून यंदा कापड!" दालेंदाने गुरुवारी संध्याकाळी वसीलाच्या दुकानात जाहीर केलं. "माझ्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनातलं हिरवं साटीन उरलंय. आणि कापडाचं एक मर्म तुमच्या डोक्यात कसं आलं नाही, याचं मला नवल वाटतं. झाडाला बांधलेली चिंधी सोडायची आपल्याकडे कुणाची छाती आहे?"

हे मात्र खरं. आमच्या डोंगरात नवसाची चिंधी झाडाला बांधतात, आणि दुसऱ्याने बांधलेली चिंधी कुणी सोडत नाही. सोडली, तर बांधणारीची पीडा सोडणारीच्या गळ्यात पडते. मग ती चिंधी नवसाची की कशाची, याची चौकशी करत कोण बसतो? हात लावायचा नाही म्हणजे नाही.

"पण हिरवं?" नजीबाने शंका काढली. "हिरव्या रानात?"

"चकाकतं!" दालेंदा म्हणाली.

शुक्रवारी तिने सत्त्याऐंशी चिंध्या कापल्या आणि फेरीला निघाली. फक्त एवढंच केलं, की चढ कमी लागावा म्हणून फेरी उलट्या अंगाने केली. म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे. डोंगरात एकच झाड येताना एक दिसतं आणि जाताना दुसरंच, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. पण सांगायला कुणी बरोबरच नव्हतं, कारण मदत घ्यायची नव्हती ना!

रविवार उजाडला. सहा वाजता चौघी छातीवर आपापला नंबर टाचून मैदानावर हजर. लसाद घडीची खुर्ची, थर्मास आणि टोपी घेऊन बसलेला. "दहा!" त्याने घड्याळावर बोट ठेवून आईला दाखवलं.

"साडेनऊलाच तुझी कॉफी संपवते की नाही बघ!" दालेंदा म्हणाली, आणि चौघी निघाल्या.

पहिले सात किलोमीटर दृष्ट लागावी असे गेले. ओकच्या रानात सावली होती, नेचे दवाने भिजलेले, आणि दर थोड्या अंतरावर हिरवं साटीन चकाकत होतं. दालेंदा मागून मोठ्याने मोजत होती. "एकोणचाळीस! चाळीस!" एक्केचाळिसावी झऱ्यापाशी. तिथे सगळ्यांनी पाणी प्यायलं, नजीबाने एक लाडू खाल्ला, आणि तिथेच वाटेला दोन फाटे फुटले.

डाव्या फाट्यावर एक हिरवी चिंधी. उजव्या फाट्यावर तीन.

"कुठे वळायचं?" वसीलाने विचारलं.

दालेंदा बघतच राहिली. शुक्रवारी इथे बसून आपण बुटातला खडा काढला, एवढं तिला पक्कं आठवत होतं. खडा कुठल्या पायातला होता तेही आठवत होतं. आलो कुठून, तेवढं आठवत नव्हतं. पण तिघी तोंडाकडे बघत होत्या, आणि डोळे बांधून पळणारीला विचार करायला वेळ कुठला?

"उजवीकडे!" ती म्हणाली. "जिथे चुकायची भीती, तिथे मी तीन बांधल्यात."

"हुशार आहेस!" नजीबा म्हणाली, आणि चौघी उजवीकडे चढू लागल्या.

उजवीकडची वाट म्हणजे नुसता चढ. पण चिंध्या काय विचारता! झाडागणिक एक! दालेंदा मोजतेय, साठ, सत्तर, ऐंशी. शहाऐंशी, सत्त्याऐंशी. आणि मग अठ्ठ्याऐंशी. तिच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्या हाताने कापलेलं कापड वाढत नाही, हे तिला पस्तीस वर्षांच्या धंद्यातून पुरतं माहीत होतं. एकशे चारला तिने मोठ्याने मोजणं बंद केलं.

"दालेंदा," वसीला पुढून ओरडली, "ही निळी आहे!"

"साटीन संपलं!"

"आणि ही लाल?"

"लाल म्हणजे हळू पळा!"

थोडं पुढे नजीबा थांबली. "अगं, इथे बाळाचा मोजा बांधलाय."

दालेंदाने मोज्याकडे पाहिलं. छान विणलेला होता. "कापड कमी पडलं की माणूस हाताला लागेल ते बांधतो!" ती म्हणाली.

"तुझ्या घरात बाळाचा मोजा आला कुठून?"

"गिऱ्हाईकाचा!"

शाद्लियाने मोजा पाहिला, दालेंदाला पाहिलं आणि ती पुढे चालू लागली. दालेंदाला वाटलं, ही बोलली असती तर बरं झालं असतं. खरं सांगायचं तर काम सोपं होतं. एक शब्द बोलायचा होता, 'चुकले', आणि परत फिरायचं होतं. अजून वेळ होता. पण तो शब्द बोलला की तुनिस! समोरच्या इमारतीची खिडकी, लिफ्ट, आणि रविवारी पहाटे खोलीत बसून भिंतीकडे बघणं. या तिघी इकडे पळत असताना! ती मुकाट्याने चढत राहिली.

"चौदा किलोमीटर झाले," वसीलाच्या घड्याळाने आणि वसीलाने एकदमच सांगितलं. "मैदान कुठाय?"

"घड्याळ बिघडलंय तुझं."

आणि तेवढ्यात वरून ढोलाचा आवाज आला.

"वाजंत्री!" नजीबाचा चेहरा फुलला. "दालेंदा! शेवटाला वाजंत्रीपण ठेवलीस?"

"छोटीशीच," दालेंदा मेलेल्या आवाजात म्हणाली.

अठरा किलोमीटर झाले, एकोणीस झाले, झाडी संपली, आणि चौघी धापा टाकत एका मोकळ्या माळावर येऊन थडकल्या. समोर पांढरा घुमट. घुमटाभोवती पन्नास-साठ बायका, चार चुली, चार हंडे, मटण-कुसकुसच्या वाफा. ही तर संत लल्ला मबरूकाची कबर! आणि आज तिचा उरूस! दर वर्षी ऑगस्टच्या शेवटी असतो, यंदा कुणाच्या तरी लग्नासाठी आधी घेतलेला, आणि आमच्या शिंपिणीने तारखेची चौकशी केली नव्हती.

बायकांनी या चौघींना पाहिलं आणि सगळ्यांनी मिळून आनंदाची अशी आरोळी ठोकली, की नजीबाने दोन्ही हात वर करून शर्यत जिंकल्यासारखी शेवटची वीस पावलं पळून काढली.

ऐंशी वर्षांच्या खाला तुर्किया, लल्लाच्या अख्ख्या वाडीच्या मावशी, पुढे आल्या. त्या वाडीचा त्यांच्याशिवाय श्वास चालत नाही. त्यांनी एकेकीचं घामेजलं कपाळ धरून मुका घेतला. "किती लांबून पळत आल्या गं पोरी! एवढा कडक नवस! अनवाणी ना?"

"नाही खाला, बुटांत," वसीला म्हणाली.

"चालतं, चालतं. आणि छातीवर काय लावलंय?"

"नंबर आहेत."

"अगं बाई! आता लल्लाकडेही नंबर लावावे लागतात?"

दालेंदा मट्कन एका दगडावर बसली. "खाला, झऱ्यापासून वर त्या चिंध्या कुणी बांधल्या?"

"आम्हीच की! काल पाण्याला गेलो तर काय बघतो, खालच्या वाटेने झाडाझाडाला हिरवं साटीन! नवीन, करकरीत! म्हटलं, कोण बिचारी असेल? एवढ्या चिंध्या म्हणजे केवढं संकट असेल तिच्यावर! एकटीचा नवस जड असतो गं. मग आम्ही प्रत्येकीने दोन-दोन, तीन-तीन आपल्या बांधल्या, आधी हिरव्या, त्या संपल्यावर हाताला लागतील त्या, थेट झऱ्यापासून लल्लाच्या दारापर्यंत. तिला सोबत व्हावी म्हणून. माझ्या पणतवंडाचा मोजाही बांधला."

नजीबा, वसीला आणि शाद्लिया, तिघींनी सावकाश दालेंदाकडे वळून पाहिलं. दालेंदा बुटाच्या नाडीकडे बघू लागली.

वसीलाच्या घड्याळात दहा वाजून सतरा मिनिटं झाली होती. फोन काढले, तर एकालाही रेंज नाही. गाडीरस्त्याने मैदान आठ किलोमीटर. आता पाखरू झालं तरी उपयोग नव्हता.

"संपलं!" दालेंदा म्हणाली, आणि एवढी खमकी बाई, पण तिचा आवाज फाटला.

"कुणासाठी आलीस, पोरी? कोण आजारी आहे?" खालांनी तिच्या शेजारी बसकण मारत विचारलं.

"कुणी नाही खाला. मी ठणठणीत आहे. म्हणूनच तर..." आणि तिने सगळं सांगितलं. बर्फ, घोटा, दहाची पैज, तुनिसची खोली. "मी चांगली आहे खाला. मला कुठे जायचं नाही. मला इथेच म्हातारी व्हायचंय, या तिघींबरोबर. आणि मीच माझ्या तोंडाने घात केला."

खाला उठल्या, ढोल थांबवला, आणि साठ बायकांनी घुमटाकडे हात पसरून, दालेंदाने तुनिसला जाऊ नये म्हणून एका सुरात अशी प्रार्थना केली की चुलीजवळच्या कोंबड्या उडाल्या. त्यात कुणी आडपडदा ठेवला नाही. एक बाई तर "आणि त्या लिफ्टला कुलूप लागो!" असंही म्हणाली. दालेंदाने या बायकांना जन्मात पाहिलं नव्हतं.

नजीबा एव्हाना दुसऱ्या ताटावर होती. "रडून काय होणार?" ती हाडूक चोखत म्हणाली. "लसादला सांगू, शर्यतीचा शेवट इथेच होता. आणि आपण दहाला पाच कमी असताना पोचलो."

"मी सांगते," शाद्लिया म्हणाली. सगळ्या दचकल्या. "मी कधी बोलतच नाही. त्यामुळे माझं खरं वाटतं."

बेत ठरतो न ठरतो तोच खालून भोंगा ऐकू आला आणि जंगल खात्याचा आगीचा बंब धूळ उडवत माळावर आला! ऑगस्टमध्ये आमच्याकडे रानातून धूर निघाला आणि बायका पळताना दिसल्या, तर दुसरं कुणी काय समजणार? रेझगीने नळी सोडली आणि चुलींकडे धावला.

"आग कुठाय?"

"चुलीत आहे!" खाला तुर्किया पळी उगारून आडव्या आल्या. "आणि थेंबभर पाणी पडलं तर बघच! मटणाचा दुसरा हंडा आत्ता कुठे शिजतोय!"

बंबातून लसाद उतरला. टोपी कुठे पडलेली, शर्ट भिजलेला, चेहरा पांढराफटक. आईला धडधाकट पाहिलं तेव्हा कुठे त्याने बंबाचं दार सोडलं.

आता खोटं बोलायची वेळ आली. पण लल्लाच्या दारात कुणी खोटं बोलत नाही, बोललं तर तोंड वाकडं होतं. तेव्हा नजीबाने लसादचा हात धरला, "ये रे बाळा, सावलीत ये," असं म्हणत त्याला पंचवीस पावलं लांब एका ऑलिव्हच्या झाडाखाली नेलं, आणि मागोमाग साठ बायकांचा घोळका निमूटपणे तिथे गेला. कबरीकडे पाठ आहे ना, एवढी खात्री प्रत्येकीने करून घेतली. मग सुरुवात झाली.

"शर्यत इथेच संपायची होती! तुला कुणी सांगितलं नाही?"

"दहाला पाच कमी असताना आलो!" वसीलाने घड्याळाचा हात पाठीमागे लपवला.

"मी साक्षीदार आहे," शाद्लिया म्हणाली. दिवसातलं हे तिचं तिसरं वाक्य होतं की चौथं, मोजायला कुणाला सवड नव्हती.

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं!" मागून एक म्हातारी ओरडली. तिला मोतीबिंदूमुळे दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं.

दालेंदा दगडावरून हे बघत होती. साठ बायका, त्यांतल्या सत्तावन्न अनोळखी, तिच्यासाठी उन्हात जाऊन खोटं बोलत होत्या! आणि तिला कळलं, की यांच्या जिवावर खोटं बोलून आपल्याच्याने जिंकवणार नाही.

"लसाद! इकडे ये. इथे, दारात ये." ती उंबऱ्याजवळ उभी राहिली. "मी दहा वाजून सतरा मिनिटांनी आले. चुकून आले. माझ्याच खुणा, माझाच डोंगर, आणि मीच हरवले. या तिघींनाही हरवलं. पैज तू जिंकलास. सामान बांधते. शिवणयंत्र मात्र मी हाताने उचलून ठेवणार, हमालांना द्यायची नाही."

खालांनी पळी खाली केली. चुलीवरचा हंडा तेवढा रटरटत होता.

लसादने तोंडावरून हात फिरवला. "आई, तू हरवलीस कधी?"

"म्हणजे?"

"दहा वाजून पाच मिनिटांनी मी बेकरीत गेलो. बेकरीवाला म्हणाला, सहाला गेल्या, तुझी आई शेवटी होती, गात होती. कोपऱ्यावरची अंडीवाली म्हणाली, झऱ्याच्या वाटेने गेल्या. त्या वाटेला लागतोय तोच झऱ्याकडून येणारी धनगरीण भेटली. ती म्हणाली, चौघी उजवीकडे वळल्या, जाडीने लाडू खाल्ला."

"जाडी?" नजीबाने विचारलं.

"आणि वाटेत रेझगीकाकांनी बंब थांबवला, म्हणाले, उजवीकडे वळल्या म्हणजे लल्लाकडे, घाबरू नको, आत्ता जेवत असतील, पण धूर तिकडूनच येतोय, आधी आग बघून घेऊ. अर्ध्या तासात अख्ख्या डोंगराला माहीत होतं माझी आई कुठाय! मलाच तेवढं माहीत नव्हतं." तो थांबला. "तुनिसला माझ्या समोरच्या दारात कोण राहतं, मला माहीत नाही आई. सात वर्षं झाली. तिथे तू हरवलीस, तर मी कुणाला विचारू?"

दालेंदाने त्याच्या केसांतली धूळ झटकली.

"तू राहा इथेच," तो म्हणाला. "मी येत जाईन."

साठ बायकांनी अशी आरोळी दिली की रेझगीने घाबरून पुन्हा नळी उचलली. खालांनी लसादला धरून खाली बसवलं, त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि तो नको नको म्हणत असताना त्यात दुसऱ्यांदा मटण वाढलं. वसीलाने घड्याळ काढून खिशात टाकलं. दालेंदा एका कडेला भिंतीला टेकून बसली होती, कुणीतरी हातात दिलेलं काहीतरी खात, या सगळ्यांकडे बघत. अंडीवालीपासून धनगरिणीपर्यंत एकेकीच्या पाया पडावं असं तिला वाटत होतं. तिचे डोळे घळाघळा वाहत होते आणि लसादने ते पाहिलं.

"काय गं आई, काय झालं?"

"कुठे काय?" ती नाक पुसत खेकसली. "हरीसाची चटणी घातलीय ढीगभर यांनी! तिखट लागलं!"

लसादने तिच्या ताटलीत वाकून पाहिलं.

"आई," तो म्हणाला, "ती अंजिरं आहेत."